उंदरांच्या औषधाचे नाव फलकावर लिहा

संपादक महोदय,

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की उंदीर-घुशी इमारतींकडे वळतात आणि सोसायट्यांच्या जिन्याखाली, गटाराच्या कडेला औषधाच्या वड्या पडू लागतात. लेप्टोस्पायरोसिसचा धोका पाहता उंदरांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण धान्यात कालवलेल्या या वड्या कुत्रीही आवडीने खातात, आणि त्यांत कोणते विष आहे हे तिथल्या रहिवाशांपैकी कुणालाच ठाऊक नसते. माझी तक्रार याबद्दल आहे.

कुत्र्याने असे काही खाल्ले की आपल्याकडे पहिला हात जातो तो दुधाकडे, तुपाकडे, नाहीतर मिठाच्या पाण्याकडे. दुधा-तुपाने विष उतरत नाही. मिठाच्या पाण्याने तर रक्तातले सोडियम वाढून झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. उलटी करवायची की नाही, हे पशुवैद्यालाच ठरवू द्यावे. ॲसिड किंवा रॉकेल पोटात गेले असेल, कुत्रे गुंगीत असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर उलटीने अपाय वाढतो.

डॉक्टरांना सर्वांत आधी हवे असते ते विषाचे नाव. वडीत ब्रोमॅडिओलोन असेल, तर कुत्रे दोन-तीन दिवस अगदी ठणठणीत दिसते. जेवते, खेळते. रक्त गोठवणारे घटक शरीरात नव्याने तयार होणे थांबलेले असते, पण आधीचे संपेपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. मग हिरड्यांतून रक्त येते, शौचास काळी होते, धाप लागते, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून ‘बरे दिसतेय, उद्या बघू’ हा विचार घातक आहे. यावर व्हिटॅमिन के-१ हा खात्रीचा उतारा आहे. लवकर सुरू केला तर बहुतेक कुत्री वाचतात. मात्र गोळ्या साधारण ३ ते ४ आठवडे द्याव्या लागतात, कारण हे विष यकृतात रेंगाळते.

झिंक फॉस्फाइडची तऱ्हा अगदी उलटी. ही काळपट पूड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन हा विषारी वायू सोडते आणि काही तासांतच कुत्रे कोसळू शकते. यावर उतारा नाही, लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. इथे दूध-भात भरवला तर पोटातले आम्ल वाढून वायू आणखी सुटतो. अशा कुत्र्याला गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवाव्यात, कारण त्याच्या उलटीतून निघणारा वायू माणसांनाही बाधतो.

नाव माहीत नसेल, तर डॉक्टरांनी यातले काय धरून उपचार करायचे? वेष्टन किंवा वडीचा उरलेला तुकडा, खाल्ल्याची अंदाजे वेळ आणि कुत्र्याचे वजन एवढी माहिती घेऊन लगेच दवाखाना गाठला तर निम्मे काम होते. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी हे कोण करणार? त्याला रोज पोळी घालणारा वॉचमन धावेलही, पण त्याच्या हाती वेष्टन कुठून येणार?

त्यामुळे औषध टाकणाऱ्या प्रत्येक सोसायटीने, दुकानदाराने आणि पालिकेनेही त्या जागी मराठीत फलक लावावा. त्यावर औषधातील घटकाचे नाव, टाकल्याची तारीख आणि फोन क्रमांक असावा. वड्या उघड्यावर न टाकता कुलूपबंद पेटीत ठेवाव्यात, उरलेल्या वड्या आणि मेलेले उंदीर रोज उचलावेत. सरकारी पशुदवाखान्यांत व्हिटॅमिन के-१ चा साठा पावसाळ्याआधीच करून ठेवावा, अशी पशुसंवर्धन विभागाला विनंती आहे.

— एक वाचक, पुणे