ॲपल पाय दारव्हा तालुक्यातही होतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गावात घरूनच केकच्या ऑर्डर घेते. वाढदिवस, बारसं, कधी शाळेचा निरोप समारंभ. त्यामुळे आपली रविवारची पुरवणी हातात पडली की आधी पाककृतींचं पान उघडते. या वेळी त्यात ‘पानगळीतले गोड पदार्थ’ म्हणून ॲपल पाय (मैद्याच्या पारीत सफरचंदाचं सारण भरून भाजतात तो), क्रम्बल (फळावर लोणी-पिठाचा चुरा पसरून भाजतात तो) आणि सफरचंदाचा केक आला. वेळ चांगली साधली. एरवी हे सगळं नाताळात छापून येतं. तोवर फळ झाडावरून उतरून दोन-अडीच महिने झालेले असतात आणि सुरी लावली की पिठूळ निघतं. हिमाचलचा माल श्रावणापासून येतो, काश्मीरचा आश्विनात, म्हणजे आत्ता. कापलं की करकर आवाज येतो.

पण लिहिणाऱ्या ताईंनी आमच्याकडचा आश्विन पाहिलेला दिसत नाही. आमची पानगळ माघ-फाल्गुनात. साग, पळस तेव्हा उघडे पडतात. आत्ता सोयाबीन निघतंय आणि दुपारचं ऊन पाठ भाजून काढतंय. अशा हवेत ‘फ्रिजमधलं घट्ट लोणी बोटांनी मैद्यात चुरा’ म्हणणं सोपं आहे. चुरायच्या आधीच त्याचं तेल होतं. लोणी थंड का हवं, हे मात्र लेखात कुठेच नाही. लोण्याचे कण पिठात अख्खे राहिले, तर भाजताना त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि थर सुटतात. एवढं कारण दिलं असतं, तर आमच्याकडची कुठलीही बाई म्हणाली असती, अहो मग साटा लावा ना! तूप आणि तांदळाची पिठी फेसायची, पोळीला लावायची, गुंडाळी करून लाट्या कापायच्या. चिरोट्याला सुटतात तसे पापुद्रे पायलाही सुटतात. पिठी तूप धरून ठेवते, त्यामुळे उन्हाचा फारसा त्रास नाही.

दुसरं, ‘ग्रॅनी स्मिथच घ्या’, म्हणजे ते हिरवं, आंबट सफरचंद. आठवडी बाजारात मी गाडीवाल्याला आंबट सफरचंद मागितलं, तर तो म्हणाला, “काकू, आंबट सेप कोन खाते? गोड हाय म्हनून तर खपते.” त्याचंही बरोबर आहे. सॅम्युअल स्टोक्स या मूळच्या अमेरिकी गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून शिमल्याजवळच्या कोटगढला डेलिशियस या गोड जातीच्या सफरचंदाची रोपं आणली. आज गाडीवर दिसतं ते बहुतेक त्याच घराण्यातलं. ते नुसतं खायचं फळ आहे. भाजलं की आकार सोडतं आणि आंबटपणा मुळातच कमी. मग आपणच सांभाळून घ्यायचं. दाबून कडक असेल तेच घ्यायचं, फोडी जाड ठेवायच्या आणि अर्ध्या किलोला एक लिंबू पिळायचं. चिरलेला गूळ लावून अर्धा तास झाकून ठेवलं की भांड्यात रस जमतो. सफरचंदात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तो रस गाळून वेगळा आटवायचा आणि काकवीसारखा दाट झाला की परत फोडींवर ओतायचा. हे केलं नाही तर खालची पारी कच्ची, ओलीच राहते. लेखात ही पायरी नाही. ज्यांनी लेख वाचून पाय केला असेल त्यांना तिची उणीव ताटात दिसली असेल.

(आमच्याकडे सफरचंद अजूनही दवाखान्यात न्यायचं फळ आहे. परवा मी दोन किलो घरी आणले, तर शेजारीण काळजीनं विचारायला आली, कोण ॲडमिट आहे?)

आता ओव्हन. ‘१८० अंशांवर ४५ मिनिटं.’ माझ्याकडे ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन आहे, पण संध्याकाळी लाइन तरी जाते, नाहीतर व्होल्टेज इतकं पडतं की कॉइल लालच होत नाही. म्हणून ऑर्डरचं काम मी जाड बुडाच्या पातेल्यात, धुऊन वाळवलेल्या रेतीवर करते. आत ताटलीत चिमूटभर कणीक टाकते. दोन-चार मिनिटांत ती बदामी झाली तर आच बरोबर, लगेच काळी पडली तर गॅस कमी. पातेल्याला वरून आच नसते, म्हणून शेवटी झाकणावर चुलीतले निखारे ठेवते. वरचा रंग त्यानेच येतो.

आणि ज्यांच्याकडे हेही नाही, त्यांच्याकडे पळसाची पानं आणि गोवऱ्या आहेतच. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी माझं उरलेलं सारण कणकेत भरलं, पळसाच्या पानांत घालून गोवऱ्यांच्या विस्तवात पानगे लावले. पानं करपल्यावर राख झटकून फोडले, वर तूप. एका पानग्याच्या कडेनं गूळ फुटून बाहेर आला होता आणि तिथे काळपट, चिकट चकती धरली होती. पोरांनी आधी तिच्यावर हात मारला. मला विचाराल तर लेखातल्या क्रम्बलपेक्षा हे कितीतरी बरं.

दिवाळीच्या पुरवणीची तयारी सुरू असेलच. तीत ओव्हनच्या कृतीखाली पातेल्याचीही रीत चार ओळींत द्यावी आणि माप वाटी-चमच्याचं असावं. पायच्या कृतीत ‘११३ ग्रॅम लोणी’ लिहिलंय. ११३ ग्रॅम म्हणजे अमेरिकेतली लोण्याची एक कांडी. आमच्या किराणा दुकानात पाकीट शंभर ग्रॅमचं येतं. वरच्या तेरा ग्रॅमसाठी दुसरं पाकीट फोडायचं का?

आपली,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ