घर तेच, कारभारी तिसरा

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

फुरसुंगी आता पुण्यात की बाहेर, असं तू परवा फोनवर विचारलंस. ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही घर घेतलं तेव्हा इथे ग्रामपंचायत होती. ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावं महापालिकेत गेली, त्यात फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन्ही. (शहराचा कचरा त्याच्या कितीतरी आधीपासून इथे येऊन पडत होता. त्याला हद्द कधी आडवी आली नाही!) मग घरपट्टी शहराची आणि पाणी टँकरचं, अशी गावकऱ्यांची ओरड सुरू झाली. शेवटी 2024 मध्ये सरकारने दोन्ही गावं बाहेर काढून त्यांची नगरपरिषद केली.

हे काही नवीन नाही म्हणा. पुणे महापालिकाच मुळी फेब्रुवारी 1950 मध्ये शहर आणि उपनगर अशा दोन नगरपालिका एकत्र करून झाली. आजचं शिवाजीनगर म्हणजे जुनं भांबुर्डे गाव. 1997 मध्ये 38 गावं घेतली, ओरड झाली तशी त्यातली काही पुढे वगळली. 2021 मध्ये आणखी 23 आली आणि क्षेत्रफळात पुण्याने मुंबईला मागे टाकलं.

पण माणसं या राजपत्रांना फारशी जुमानत नाहीत. आमची कोथरूडची काकू लक्ष्मी रोडला निघाली की ‘गावात जाऊन येते’ म्हणायची. आज तिचीच नातवंडं आम्हाला गावाकडचे समजतात. इथले मूळ गावकरी अजून ‘पुण्याला चाललो’ म्हणतात. सोसायटीतले आम्ही सरळ ‘हडपसरला राहतो’ सांगतो. बिल्डर तर उंड्री गावाला तिकडच्या बँकिंग संस्थेच्या नावावरून ‘एनआयबीएम ॲनेक्स’ करून मोकळे! मला विचारशील तर आमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मुलांची शाळा, दवाखाना, शनिवारची भाजी, सगळं हडपसरलाच. गावकऱ्यांना बांधून ठेवते ती भावकी आणि यात्रा. यंदा यात्रेची वर्गणी मागायला ते पहिल्यांदा सोसायटीतही आले. काहींनी कुरकुर केली, पण बहुतेकांनी दिली.

आता पूर्वेकडच्या भागाची हडपसरला वेगळी महापालिका करा, ही जुनी मागणी अधूनमधून वर येते. तसं झालं तर आपल्याला परत आत ओढणार, अशी शेजारच्या नानांची खात्री आहे. त्यामुळे सोसायटीच्या कमानीवर नगरपरिषदेचं नाव रंगवायचं काम त्यांनी सध्या अडवून धरलंय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश