बांगडा ताजा, पण तपासला कोणी?

संपादक महोदय,
रविवारी बेळगावच्या बाजारात घाट चढून आलेला बांगडा घेताना आपण कल्ले लाल आहेत का बघतो, पोट दाबतो आणि पिशवी पुढे करतो. पण माशावर असू शकणारे, प्रतिजैविकांना (अँटिबायोटिक औषधांना) दाद न देणारे जिवाणू कल्ल्यावरून कळत नाहीत. बर्फातही ते बहुतेक मरत नाहीत, नुसते गारठतात. २०१८ साली गोव्यात माशांतल्या फॉर्मेलिनवरून, म्हणजे मासे टिकवायला लावलेल्या रसायनावरून, केवढा गहजब झाला! आमच्या घरीही तेव्हा मासे बंद होते. पण फॉर्मेलिन निदान कागदी पट्टीवर काही मिनिटांत कळते. या जिवाणूंसाठी मात्र नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायचे, त्यावर प्रतिजैविक औषधाच्या चकत्या ठेवायच्या आणि चकतीभोवती वाढ थांबते का ते पाहायचे, यात काही दिवस जातात. कोळंबीत प्रतिजैविक औषधाचा अंश सापडला नाही, तरी असे जिवाणू असू शकतात. ही तपासणी वेगळीच.

नीट शिजवल्यावर ते मरतात, मान्य. पण मासे कापलेल्या त्याच विळीवर आमच्याकडे कोशिंबिरीचा कांदा चिरला जातो. महापालिकेने अधूनमधून नमुने घेऊन अहवाल मराठी आणि कन्नड दोन्हींत बाजाराच्या दारावर लावावा. जिवाणूंना सीमावाद ठाऊक नाही.

– एक मत्स्यप्रेमी, शहापूर, बेळगाव