दर एचडीचा, मग चित्रही एचडीचेच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणांचे दिवस जवळ आले की वाहिन्यांच्या यादीत एखाद्या नव्या चित्रपट वाहिनीची भर पडते. सध्या अशीच एक वाहिनी एचडी म्हणून महिना 19 रुपयांना दिली जात आहे आणि गोव्यात फोंडा, डिचोली, पेडणे भागांतून तिच्याबद्दल एकच तक्रार ऐकू येते: पैसे एचडीचे, चित्र मात्र धूसर. केबलवाला म्हणतो वाहिनीच तशी येते, वाहिनीवाले म्हणतात तुमच्या वायरीत दोष आहे. दोष कुणाचा हे ग्राहकाला घरबसल्या ओळखता येते, म्हणून हे पत्र.

डिजिटल सिग्नल कमी पडला की चित्र धूसर होत नाही. ते अडकते, चौकोन उमटतात, आवाज तुटतो आणि शेवटी पडदा काळा होतो. असे होत असेल तर दोष वायरीत किंवा जोडात समजावा. आपल्याकडे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. खांबावरच्या जोडात पाणी शिरते, तांब्यावर हिरवा थर चढतो. घरात दोन टीव्हींसाठी स्प्लिटर (एक वायर दोन टीव्हींत वाटणारा जोड) लावला तर साडेतीन ते चार डेसिबल, म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल, तिथेच जातो, चार टीव्हींचा लावला तर सात-आठ. गरज संपलेला स्प्लिटर काढून टाकावा, गंजलेला कनेक्टर कापून नवा बसवावा. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. डिश असेल तर माडाची झावळी आड आली आहे का ते आधी पाहावे. मुसळधार सरीत डिशचे चित्र जाणे मात्र टळत नाही, कारण डिशवर येणाऱ्या केयू बँडच्या लहरी पावसाच्या थेंबांत क्षीण होतात.

चित्र न अडकता सतत पुसट दिसत असेल तर सिग्नलला बोल लावू नये. बॉक्स टीव्हीला एचडीएमआय वायरने जोडला आहे का हे पाहावे. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही, 576 ओळींचेच चित्र मिळते, मग वाहिनी कुठलीही घ्या. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट 1080 (ओळी) वर असावे. टीव्हीचा व्हिव्हिड (भडक रंगांचा) मोड आणि चढवलेला शार्पनेस उतरवावा. त्यांनी बारकावे वाढत नाहीत, चौकोनच उठून दिसतात.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर मग प्रश्न बिटरेटचा (चित्रासाठी सेकंदाला किती माहिती सोडली जाते त्याचा) किंवा मूळ प्रतीचा. केबलची 8 मेगाहर्ट्झची एक फ्रिक्वेन्सी 64 क्वाम या डिजिटल केबलच्या पद्धतीत सेकंदाला साधारण 38 मेगाबिट वाहून नेते. एमपेग-4 या चित्र आवळण्याच्या पद्धतीतल्या चांगल्या एचडी चित्रपटाला सात-आठ मेगाबिट तरी हवेत, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीत चार-पाच वाहिन्या बसाव्यात. तिथे नऊ-दहा कोंबल्या की प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम चार येतात. दोन माणसे बसून बोलत असताना हे लक्षात येत नाही. पाऊस, लाटा, दिंडीची गर्दी किंवा रात्रीचे अंधारे दृश्य आले की चित्राचे तुकडे पडतात. बॉक्समध्ये पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करण्याची सोय असेल तर एक तास रेकॉर्ड करून फाइल किती मोठी झाली ते बघा. बहुतेक बॉक्स आलेला प्रवाह आहे तसाच साठवतात, त्यामुळे हा हिशेब चुकत नाही: सेकंदाला 8 मेगाबिट असतील तर तासाला सुमारे 3.6 जीबी, 4 असतील तर 1.8. फाइल दोन जीबीच्या आत भरली तर ऑपरेटरला जाब विचारायला तुमच्या हातात आकडा आहे.

फाइल मोठी आहे आणि चित्र तरीही मऊ आहे, असेही होते. तेव्हा कोपऱ्यातले वाहिनीचे चिन्ह निरखा. चिन्हाच्या कडा धारदार आणि नटाच्या डोळ्यांच्या पापण्या मात्र पुसट, तर चित्रपटाची प्रत एसडी (साधी, कमी ओळींची) आहे आणि ती फुगवून 1080 ओळींत दाखवली जात आहे. जुन्या मराठी चित्रपटांच्या बाबतीत याची शंका सर्वात आधी घ्यावी. सिनेमास्कोप (जास्त रुंद पडद्याचा) चित्रपट 1080 ओळींच्या पडद्यावर वरखाली काळ्या पट्ट्या सोडून सुमारे 817 ओळींत मावतो. तोच जुन्या चौकोनी एसडी चौकटीत पट्ट्यांसह उतरवलेला असेल तर खरे चित्र जेमतेम 327 ओळींचे उरते. ते कितीही ताणले तरी नसलेला तपशील येणार कुठून? काही ठिकाणी तर जुने चौकोनी चित्र आडवे ताणून पडदाभर पसरतात आणि माणसे बुटकी दिसतात. पणजीत 2004 पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, गोमंतकीय प्रेक्षकाला चांगली प्रत कशी दिसते ते ठाऊक आहे.

गाण्यांबद्दलही सांगायला हवे. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा असतो, आपले प्रसारण 25 च्या हिशेबाचे. चित्रपट तसाच पळवला की 150 मिनिटांचा 144 मिनिटांत संपतो आणि आवाज सुमारे पाऊण अर्धस्वर चढतो. पेटीवरच्या पांढरी चारचे गाणे काळी तीनकडे सरकते. भजन-नाट्यगीतांवर वाढलेल्या कानाला हे खटकते. स्वर मूळ पट्टीवर ठेवून वेग बदलता येतो, त्याचे तंत्र जुने आहे. तेवढे कष्ट वाहिनीने घ्यावेत.

आता दराचे. 19 हा आकडा आला आहे ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमातून: 19 रुपयांपेक्षा महाग वाहिनी पॅकमध्ये घालता येत नाही. 18 टक्के जीएसटी धरून ती 22 रुपये 42 पैशांना पडते. एसडी आवृत्ती 10 रुपयांना असेल तर फरक महिन्याला 10 रुपये 62 पैसे, वर्षाला 127 रुपये 44 पैसे. फुगवलेल्या एसडीसाठी हा फरक मोजण्यात अर्थ नाही, सरळ एसडी घ्यावी. एकाच पॅकमध्ये एका वाहिनीची एसडी आणि एचडी दोन्ही देता येत नाहीत, पण सुट्या वाहिन्यांत दोन्ही लागलेल्या असू शकतात. बिल ओळीने वाचावे. सुरुवातीची सवलत एका वेळी 90 दिवसांहून जास्त चालत नाही, म्हणून घेताना मूळ दर विचारावा. पॅकवरची सूट सुट्या दरांच्या बेरजेच्या 45 टक्क्यांपर्यंतच देता येते: 60 रुपयांच्या वाहिन्या 33 च्या खाली येणार नाहीत. एकच चित्रपट वाहिनी हवी असेल तर सुटी घेणेच स्वस्त. 2024 पासून नेटवर्क शुल्काची (जोडणीसाठी दरमहा घेतल्या जाणाऱ्या रकमेची) कमाल मर्यादा उठली आहे, तेव्हा नवी वाहिनी घेतल्याने ते वाढते का, हेही आधी विचारून घ्यावे. तुमच्या संमतीशिवाय सशुल्क वाहिनी चालू करता येत नाही. केली असेल तर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा.

आमची मागणी दोघांकडे आहे. वाहिनीने प्रत्येक चित्रपटाच्या माहितीत प्रत मूळ एचडी आहे की वाढवलेली, हे लिहावे. आणि ऑपरेटरने एचडी वाहिन्या कोणत्या बिटरेटने सोडतो, ते 999 क्रमांकाच्या माहिती वाहिनीवर दाखवावे. ही दोन्ही माहिती त्यांच्याकडे आजही आहे.

आपले,
केबल व डिश जोडणीच्या कामातील काही जण, फोंडा