मृत्युपत्र म्हातारपणासाठी राखून ठेवू नका: महसूल मंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूल मंत्री, कर्नाटक राज्य, बंगळूर यांस,

स.न.वि.वि.

मयतांच्या नावावरचे उतारे वारसांच्या नावे करायला आपण पौती खाते मोहीम गावोगाव नेली, हे बरे झाले. पण त्यातले निम्मे गुंते माणूस हयात असतानाच पडलेले असतात. मृत्युपत्र नसते, असलेच तर अंथरूण धरल्यावर घाईने केलेले, आणि तेही ज्याला जमीन मिळणार त्यानेच लिहवून आणलेले. दिवाणी कोर्टात संशय आधी त्याच्यावरच येतो.

हे काम साठीनंतरचे, ही समजूत मोडायला हवी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला असलेला 25 वर्षांचा अविवाहित मुलगा अपघातात गेला, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने त्याची स्वकमाई आईकडे जाते. ज्यांचा हक्क सर्वांत आधी, त्या पहिल्या वर्गाच्या वारसांत वडील नाहीतच. मूलबाळ नसलेली नोकरदार विवाहिता गेली, तर तिने घेतलेले घर नवऱ्याला, तो नसेल तर त्याच्या वारसांना. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. हे नको असेल तर दोन पानी मृत्युपत्र पुरते. नॉमिनी लावला म्हणजे झाले, असेही नाही. नॉमिनी सहसा फक्त रक्कम स्वीकारतो, मालक होत नाही. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच पुन्हा सांगितले.

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. (तरी ती करावीच.) दोन साक्षीदार मात्र हवेत. करणाऱ्याने त्यांच्यादेखत सही किंवा अंगठा करायचा आणि त्यांनी त्याच्यासमोर. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान घ्यावेत. वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात साक्ष द्यावी लागते. ज्याला काही मिळणार, त्याला साक्षीला घेऊ नये.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या जमिनीच्या वर्णनात. ‘मळ्याची जमीन थोरल्याला’ एवढ्याने भागत नाही. सर्व्हे नंबर, हिस्सा, एकर-गुंठे, चतुःसीमा (चारही बाजूंच्या हद्दी) लागते. वडिलोपार्जित एकत्र जमीन असेल तर फक्त स्वतःच्या हिश्शापुरते लिहिता येते, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर हिस्से मोजताना मुलीही धरायच्या. मुस्लिम कुटुंबात बाकी वारसांची संमती नसेल तर एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही. मग नावांचा घोळ. उताऱ्यावर कन्नडमध्ये ‘बाळू’, आधारवर ‘बाळकृष्ण’, पासबुकात आडनाव आधी. मृत्युपत्रात ‘ऊर्फ’ घालून ही सगळी नावे एकत्र लिहिली, तर वारसांचे पुष्कळ हेलपाटे वाचतात.

सीमाभागात यावर आणखी एक भर. घर बेळगावात, शेत महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, फ्लॅट कोल्हापुरात, अशी घरे इथे खूप. मृत्युपत्र दोन्ही राज्यांना मिळून एकच चालते, पण इकडचा उतारा आणि तिकडचा सातबारा यांचे तपशील त्यात वेगवेगळे आणि तंतोतंत हवेत.

आपल्याकडून हवे आहे ते थोडे. मोहिमेच्या शिबिरांतच मृत्युपत्राची माहिती द्यायला एक माणूस बसवा. नोंदणी कायद्याच्या (1908) कलम 42 प्रमाणे सीलबंद पाकिटात मृत्युपत्र जिल्हा निबंधकांकडे ठेवता येते. घरात कोणाला कळू न देता सोय करायची असेल, त्याला याहून चांगला मार्ग नाही, पण तो ठाऊक किती जणांना आहे?

आणि भाषेचा प्रश्न. त्याच कायद्याच्या कलम 19 नुसार, दस्ताची भाषा अधिकाऱ्याला समजत नसेल आणि ती जिल्ह्यात सर्रास वापरातही नसेल, तरच भाषांतर जोडल्याशिवाय नोंदणी नाकारायची आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी सर्रास वापरात आहे, यावर वाद व्हायला नको. खानापूर किंवा निपाणीच्या आजीला स्वतःला वाचता येईल अशा भाषेतच तिचे मृत्युपत्र असावे. न वाचता केलेली सही हाच पुढे कोर्टात हल्ल्याचा मुद्दा होतो. तेव्हा मराठी मृत्युपत्रे भाषांतराशिवाय नोंदवून घ्यावीत, असे स्पष्ट परिपत्रक जिल्ह्यातल्या सर्व उपनिबंधकांना काढावे आणि ते कन्नड व मराठीत कचेरीच्या फलकावर लावावे, ही विनंती.

आपले,
बेळगाव सीमाभागातील काही वकील व दस्तलेखक