बोहारणीने परत केलेला सदरा

मा. वस्त्रोद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सविनय नमस्कार.

माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश शिवते. आठवड्याला दोन पोती चिंध्या निघतात. पूर्वी सुती चिंध्या गॅरेजवाले हात पुसायला नेत, कुणी उशीत भरायला मागून नेई. आता निम्म्याहून जास्त चिंध्या पॉलिस्टरच्या किंवा मिश्र धाग्याच्या असतात. त्या तेल टिपत नाहीत, म्हणून गॅरेजवालाही नको म्हणतो. मग पोती घंटागाडीत. सुक्या कचऱ्यात टाकली तरी गाडीत खरकट्याचं पाणी लागतं, आणि एकदा भिजून कुबट झालेल्या कापडाला कचरा वेचणाऱ्या बायकाही हात लावत नाहीत.

आमच्या गल्लीत येणारी बोहारीण कपडा कसा पारखते, ते आपण एकदा पाहायला हवं. कॉलर उलटी करते, काखेतली शिवण ताणून बघते, कापड उजेडासमोर धरते, मग दोन बोटांत चोळते. गेल्या महिन्यात मी दिलेला धडधाकट सदरा तिने परत केला. "ताई, याला दोन धुण्यांत गोळे येतात. बाजारात कोण घेणार?" फाटला नव्हता, उसवला नव्हता. कापडच मुळात टिकायचं नव्हतं.

पानिपतला जुने लोकरी कपडे येतात. त्यांची बटणं, चेन काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, पिंजून पुन्हा सूत कातून ब्लँकेटं विणतात. रंगवार निवड झालेली असल्यामुळे पुष्कळदा नव्याने रंगवावंही लागत नाही. सगळी मदार त्या निवडीवर आहे, आणि निवड करणारे हात आपल्याकडे गल्लोगल्ली गाठोडं घेऊन फिरतात. त्यांची कुठे नोंद मात्र नाही. माल निवडायला त्या फुटपाथवर बसल्या की तिथूनही उठवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या विभागाच्या 2023-28 च्या धोरणाच्या नावातच ‘शाश्वत’ हा शब्द आहे. म्हणून मागते आहे. घंटागाडीने महिन्यातून एक दिवस फक्त कापड न्यावं, कोरडं. बोहारणींना ओळखपत्र आणि माल निवडायला छप्पर असलेली जागा द्यावी. मोठी यंत्रं येतील तेव्हा येतील, पण ती आली म्हणून या बायकांची रोजी जाऊ नये.

आणि कपडे विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं काय? प्लास्टिकचं वेष्टन वापरणाऱ्या कंपन्यांवर तो कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी 2016 च्या नियमांपासूनच आहे. फ्रान्सने 2007 सालीच ती कपड्यांनाही लावली. युरोपीय संघात 1 जानेवारी 2025 पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणं बंधनकारक झालं आहे. आपल्याकडे हा कायदा केंद्राचा विषय असेल, तर राज्याने त्यासाठी दिल्लीत आग्रह धरावा. तोवर निदान सरकार स्वतः जे गणवेश घेतं, ते शक्य तिथे एकाच धाग्याचे असावेत. कापूस आणि पॉलिस्टर एकत्र कातलं की पुन्हा वेगळं करणं फार अवघड जातं.

माझी आई जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. परवा तिच्यासमोर माझ्या चार जुन्या साड्या ठेवल्या. तिने दोन बाजूला काढल्या. "या सुळसुळीत आहेत, टाका धरत नाही," म्हणाली. त्या दोन साड्या आणि तो सदरा अजून माझ्या दुकानात आहेत. बोहारीण दर गुरुवारी सकाळी येते. आपल्या विभागातल्या कुणाला तरी एका गुरुवारी पाठवा. तिच्याशी बोलून घेता येईल.

आपली,
एक शिलाईवाली