अरबीचे धातू मराठीतून चालवा

महोदय,

आखातात नोकरीला जाणाऱ्यांसाठी नागपुरात अरबीचे वर्ग चालतात. माझं नोकरीचं वय सरलं. पण मुलगी मस्कतला असते, नातवाला शाळेत अरबी आहे, म्हणून ६२व्या वर्षी अशाच एका वर्गात नाव घातलं.

पहिल्याच दिवशी वर्तमानकाळाच्या १४ रूपांचा तक्ता हाती आला. अर्थ इंग्रजीत. मधल्या सहा ओळींपुढे एकच वाक्य, 'यू राइट'. सहा वेळा! फरक विचारला तर उत्तर आलं, पाठ करा. घरी येऊन तो रकाना खोडला नि मराठीत भरला: तू लिहितोस, तू लिहितेस, तुम्ही दोघं, तुम्ही दोघी, तुम्ही सगळे, तुम्ही सगळ्या. सहाच्या सहा चपखल बसले. दोघं-दोघींना अरबीत रूप एकच, तेवढी सूट.

भूतकाळात 'कतब' म्हणजे त्याने लिहिलं, 'कतबा' म्हणजे त्या दोघांनी. एक काना वाढला की माणूस वाढला! शाळेत ज्यानं 'वदामि वदावः वदामः' घोकलं, त्यानं द्विवचनाला काहून भ्यावं? फक्त आपण 'मी'पासून धातू चालवायचो, अरबीची गर्दान (म्हणजे धातू चालवणं) 'तो'पासून सुरू होते. त्या रूपाला मागून काही चिकटलेलं नसतं.

माझी ३४ वर्षं महसूल खात्यात गेली. हासिल, महसूल, तहसील (तिकडे पुण्याकडे तालुका म्हणतात) हे तिन्ही शब्द एकाच अरबी ह-स-ल धातूचे, हे निवृत्तीनंतर कळलं. 'हासिल'च्या साच्यात ह-स-लच्या जागी क-त-ब ओता, 'कातिब' निघतो, लिहिणारा. 'महसूल'च्या साच्यात ओता, 'मकतूब', लिहिलेलं. हे साचे आपल्या जिभेवर आधीच आहेत.

म्हणून वर्गवाल्यांना विनंती, तक्ता मराठीत छापा. आणि आपल्या पुरवणीत आठवड्याला एका अरबी धातूपुरती चौकट मिळाली तर बरं होईल.

मुलगी फोनवर हसते, ''बाबा, इथे बाजारात दोघांचं वेगळं रूप कोणी वापरत नाही.'' खरं आहे, बोलीतल्या क्रियापदांतून ते गेलंय. पण नातवाच्या पुस्तकात आहे, आणि पेपर त्याला द्यायचाय.

— एक निवृत्त अव्वल कारकून ('अव्वल'ही अरबीच), नागपूर